डब्यातली तारली, सुकवलेलं सॉसेज आणि माझा तक्ता

वसईच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी सव्वीस वर्षं आहारतज्ज्ञ होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण इथे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, त्या इमारतीची नाही.

आहारतज्ज्ञ बाई नेमकं काय करते, हे आमच्या घरच्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आगाशी-निर्मळच्या पट्ट्यात आमची केळीची वाडी. माझे काका पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोरगी हॉस्पिटलात जेवण बघते." म्हणजे मी डाळीत डाव फिरवते असा समज. वॉर्डातल्या मावश्या माझ्या पाठीमागे मला 'अळणी मॅडम' म्हणायच्या. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टर कागद देऊन माणसाला माझ्याकडे पाठवतात. कुणाला मधुमेह, कुणाचं मूत्रपिंड बिघडलेलं, कुणाचं हृदय. माणूस समोर बसला की मी विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं? माणसं खोटं बोलतात. लबाडीने नव्हे, लाजेने. 'दोन चपात्या' म्हणणाऱ्याच्या चार असतात. 'कधीतरी' म्हणजे एक दिवसाआड. 'लोणचं खात नाही' म्हणजे फोड खात नाही, खार भातावर घेतो. म्हणून खरं काम दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं. किती घेतलं, कशात शिजवलं, कशाबरोबर खाल्लं, भांड्यात उरलेल्या रश्शाचं काय केलं? पहिला प्रश्न कुणीही विचारील. आम्हाला पगार मिळतो तो दुसऱ्या प्रश्नाचा.

हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगत असे. आणि एकदा, ज्या माणसाला तो प्रश्न विचारायलाच हवा होता, त्याला तो विचारायचा राहिला.

टाळेबंदी उठल्यानंतरच्या वर्षी माझ्याकडे एक नवीनच प्रश्न येऊ लागला. मासळी बाजार बंद होता त्या काळात लोकांना डब्यांची आणि पाकिटांची सवय लागली होती. पूर्वी आखातातून येणाऱ्या बॅगेतच दिसणारे माशांचे डबे आता नाक्यावरच्या दुकानात मिळायला लागले, शेजारच्या फ्रीझरमध्ये सलामी आणि हॅमची पाकिटं. एके दिवशी नालासोपाऱ्याचा एक तिशीतला माणूस आला. सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर, बारा तासांची ड्युटी, कोलेस्टेरॉल वाढलेलं.

तो म्हणाला, "मॅडम, रूमवर आम्ही पाच जण राहतो. बनवायला टाइम कोणालाच नाय. मी दोनच चीजा ठेवतो, ट्यूनाचा डबा आणि सलामीचं पाकीट. प्रोटीन दोन्हीत आहे ना? मग सीधा बोला, कुठलं खाऊ?"

मी त्याला समजावून सांगितलं. ट्यूना म्हणजे आपला कुपा. सार्डिन म्हणजे आपली तारली. डब्यात घातली म्हणून मासळीचं सत्त्व जात नाही. प्रथिनं जवळजवळ तशीच राहतात. माशाचं तेल हृदयाला चांगलं, ते पुष्कळसं टिकतं. तारलीचे काटे डब्यात शिजून इतके मऊ होतात की चावून खाता येतात, म्हणजे हाडांना चुना, कॅल्शियम, मिळतो. सलामी, हॅम, सॉसेज हे खारवलेलं मांस. प्रथिनं त्यातही आहेत, लोहही आहे, पण सोबत घट्ट चरबी, भरपूर मीठ आणि मांस टिकावं, लाल दिसावं म्हणून घातलेले क्षार येतात. असं मांस वर्षानुवर्षं रोज खाणाऱ्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे आता सगळे मान्य करतात. तेव्हा तुझ्यासाठी डब्यातली मासळी बरी, पाकीट कधीमधी.

"असा क्लियर कोण बोलतच नाय," तो म्हणाला आणि खूश होऊन गेला.

त्याच्यासाठी उत्तर बरोबर होतं. माझी चूक तिथे झाली नाही. चूक झाली ती त्या आठवड्याच्या शेवटी, जेव्हा ते उत्तर मी सगळ्यांसाठी भिंतीवर लावलं.

एका पांढऱ्या कार्डशीटवर मी दोन रकाने आखले. डावीकडे डब्यातली मासळी, उजवीकडे खारवलेलं मांस. प्रथिनं, चरबी, चुना, जीवनसत्त्वं, टिकवण्यासाठी घातलेले पदार्थ, अशा ओळी. मासळीच्या रकान्यावर हिरव्या स्केचपेनने मोठी बरोबरची खूण, मांसाच्या रकान्यावर लाल फुली. मिठाची ओळ लिहायला घेतली तेव्हा कागद संपत आला होता. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, 'मीठ दोन्हींत असते.'

तक्ता देखणा झाला होता. माझं अक्षर चांगलं आहे. हृदयरोगाच्या डॉक्टरांनी तो बघितला आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर लावायला मागून घेतला. नंतर व्यवस्थापनाने तो गुळगुळीत कागदावर छापून घेतला. लोक त्याचे फोटो काढू लागले. चर्चच्या ग्रुपवर फिरला, बचत गटाच्या ग्रुपवर फिरला, विरारला चंदनसारमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पोचला. शेजारीण म्हणाली, "हा तुम्ही केलात?" निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आपण मागे काहीतरी ठेवून जातोय असं मला वाटू लागलं होतं.

आता पास्कलकाकांविषयी सांगते.

पास्कलकाका नंदाखालचे. वय बहात्तर. तरुणपणी मालवाहू जहाजावर भांडी घासायला लागले आणि मुख्य आचारी होऊन उतरले. घरी रेजिनामावशी, त्यांची बायको, आणि घरामागे नारळ-केळीची छोटी वाडी. एकुलती मुलगी सेलीन कुवेतला नर्स. काकांचं हृदय कमजोर झालं होतं. हृदय हा पंप आहे असं धरा. पंप थकला की शरीर पाणी धरून ठेवू लागतं, आणि मीठ खाल्लं की आणखी धरतं. आधी पाय सुजतात, मग फुप्फुसात पाणी उतरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो. अशा माणसाला लघवीच्या गोळ्या देतात, रोज वजन करायला सांगतात आणि मीठ तोडायला सांगतात. हे तिसरं काम माझं.

दोन वर्षं आमचं भांडण चाललं होतं, आणि ते एकाच गोष्टीवर. दर नाताळाच्या आधी काका स्वतः सॉसेज करायचे. डुकराचं मांस बारीक चिरून मीठ, लाल मिरची, लसूण आणि सिरक्यात मुरवायचं, आतड्यात भरायचं, उन्हात सुकवायचं आणि मग चुलीवर धुरात टांगायचं. ही विद्या त्यांना जहाजावरच्या एका जुन्या आचाऱ्याने दिली होती. वर्षभर रविवारी आणि सणाला घरात तेच.

मी म्हणायचे, "काका, हे तुमच्यासाठी विष आहे."

ते म्हणायचे, "बाय, मीठ नसतं तर माणूस समुद्रावर गेलाच नसता. जो तो आपल्या दारात बसून राहिला असता."

"तुम्ही आता दारातच बसायचंय."

यावर रेजिनामावशी हसायच्या. "तू सांग गो त्यांना, बाय. माझं ऐकत नाहीत." तेव्हा त्या मला तू म्हणायच्या. आमचं गाव त्यांच्यापासून दोन पावलांवर. घरात आम्ही एक बोली बोलतो, त्या दुसरी, पण एकमेकींचा शब्द न् शब्द कळतो.

त्या वर्षी नाताळ तोंडावर आला असताना काका मला रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटले. मी घाईत होते. बाहेरून काही डॉक्टर पाहुणे आले होते आणि त्यांना माझा तक्ता समजावून सांगायला मला बोलावलं होतं.

"बाय, तू जिंकलीस," काका म्हणाले. "यंदा सॉसेज केले नाहीत. केले म्हणजे काय, मांससुद्धा आणलं नाही. तुझ्या कागदावर लाल फुली बघितली. म्हटलं, एवढी शिकलेली बाई खोटं कशाला लिहील? आता मासाच."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. "शाब्बास काका!" म्हटलं आणि निघाले.

कुठला मासा? डब्यातला की ताजा? कशातला? किती? यातलं मी काहीही विचारलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला पाहुणे उभे होते.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी काकांना आणलं. खाटेवर ते ताठ बसलेले, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. ओठ निळसर, घाम, छातीतून पाण्याचा बुडबुड आवाज. ऑक्सिजनचा मास्क लावला, इंजेक्शनं दिली, अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टरांनी रेजिनामावशींना विचारलं, "गोळ्या चुकल्या का?" मावशींनी सोबत आणलेली रिकामी पाकिटं दाखवली. एकही गोळी चुकली नव्हती. मग डॉक्टरांनी मला बोलावलं.

बाहेरच्या बाकावर मावशींशेजारी बसून मी विचारलं, "मावशी, जेवणात काय होतं?"

"तू सांगितलंस तेच."

"म्हणजे?"

"मासा. डब्यातला. सेलीनने खोका भरून पाठवला ना, तारलीचा. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक. कधी दुपारीपण."

"आणि डब्यातलं पाणी?"

"भातावर ओतून घ्यायचे. म्हणायचे, खरा दम तर यातच आहे, जहाजावर आम्ही थेंब फुकट घालवत नव्हतो." मावशींनी मोबाइल काढला. "हे बघ, हे फ्रीजवर लावलंय."

फोटोत माझा तक्ता होता. कुणीतरी पुढे पाठवताना कडा कापल्या होत्या, त्यात तळाची ओळ गेली होती. पण मी त्या कापणाऱ्याला दोष देत नाही. ओळ राहिली असती तरी ती काय सांगत होती? मीठ दोन्हींत असते, एवढंच. कुणाला किती चालतं, कुणाला अजिबात चालत नाही, पाणी फेकायचं की प्यायचं, यातलं काहीच तिच्यात नव्हतं.

मी तिथे बसल्या बसल्या मनाशी हिशोब केला. वजनाला वजन लावलं तर मीठ सॉसेजमध्येच जास्त. पण सॉसेज काका रविवारी खायचे, आणि तेही माझ्या धाकाने एखाद-दुसरा तुकडा. डबा मात्र दिवसातून दोनदा, तीनदा, खाऱ्या पाण्यासकट, तीन आठवडे, आणि मनात कसलीही भीती न ठेवता. भीती मीच काढून घेतली होती. तक्त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. तरीही तो तक्ता या माणसाला अतिदक्षता विभागात घेऊन आला होता.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, असे पेशंट वर्षातून दोनदा येतातच. कधी थंडीने, कधी इन्फेक्शनने. तुमच्या तक्त्यामुळेच झालं असं कोण सांगणार? उगाच मनाला लावून घेऊ नका. आणि नातेवाइकांशी असलं काही बोलू नका, त्यांचा गैरसमज होईल."

खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन दिवस मी त्या बऱ्या वाटण्यातच काढले. वॉर्डात गेले, कागदावर 'मीठ कडक वर्ज्य' लिहिलं, आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी अतिदक्षता विभागाबाहेरून जाताना मावशींचा आवाज ऐकू आला. कुवेतहून सेलीनचा व्हिडिओ कॉल होता आणि मावशी आपल्या बोलीत तिच्यावर ओरडत होत्या. डब्यातल्या पाण्याचं मी विचारलं, त्यावरून त्यांनी ताडलं असावं. तुझ्या डब्यांनी बापाला मारलं असतं, म्हणत होत्या. नर्स झालीस आणि एवढं कळलं नाही? पडद्यावरची मुलगी नर्सच्या गणवेशातच होती, कामावरून मधल्या सुट्टीत बोलत असावी. ती नुसती रडत होती.

मी उभी राहिले. पुढे जाता आलं असतं. कुणी मला बघितलं नव्हतं.

मावशींच्या शेजारी जाऊन मी म्हटलं, "मावशी, फोन जरा मला द्या." त्यांनी दिला.

"सेलीन, मी इथली आहारतज्ज्ञ."

"मॅडम, मी नर्स आहे. मला समजायला पाहिजे होतं."

"तू डबे का पाठवलेस?"

"आईने तुमच्या चार्टचा फोटो पाठवला. पपांनी सॉसेज सोडले म्हणून मला इतका आनंद झाला... मी म्हटलं, निदान चांगल्यातला मासा तरी पाठवू."

"मग ऐक. चूक तुझी नाही. तो तक्ता मी केला. हृदयाच्या पेशंटना डब्यातली मासळी कशी चालते, किती चालते, हे त्यात लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. तुझ्या वडिलांनी मला स्वतः येऊन सांगितलं की आता मासा खातो, आणि मी त्यांना विचारलंही नाही की कुठला. हे माझ्याकडून झालं. तू विश्वास ठेवलास, त्यात तुझा काही दोष नाही."

तिने मनगटाने डोळे पुसले. मग म्हणाली, "पपांना हे माहीत आहे?"

"अजून नाही. आज सांगते."

फोन परत देताना मी रेजिनामावशींकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांची सवय त्यांनी तुमच्या शब्दावर सोडली, मॅडम. माझ्या शब्दावर नाही सोडली. पोरीच्या शब्दावर नाही सोडली. तुमच्या." दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मला तुम्ही म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

काकांना संध्याकाळी मास्क काढल्यावर सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा उलट 'जाऊ दे बाय' म्हणून सोडून देतील. दोन्ही झालं नाही. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग एखाद्या स्वयंपाक्याने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे मीठ पाण्यात उतरलेलं असतं. मग डबा उपसून मासा दोनदा धुतला तर?"

"काही मीठ जातं, सगळं नाही. माशाच्या आत मुरलेलं राहतं. तुमच्यासाठी तेवढंही जास्त."

"आणि ताजा?"

"ताजा चालेल. वरून मीठ न घालता."

"बिनमिठाचा मासा," ते म्हणाले. "त्यापेक्षा मास्क बरा होता."

दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता भिंतीवरून काढला. व्यवस्थापनाला लेखी कळवलं की यात हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी धोका आहे, छापील प्रती परत घ्याव्यात. साहेबांना ते आवडलं नाही. "नुसती एक पट्टी चिकटवा ना वर," म्हणाले. मी म्हटलं, पट्टीने भागणार नाही. फोनमधून फिरणारे फोटो काही परत घेता आले नाहीत. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, ती कुणी पुढे पाठवली नाही. दुरुस्तीला हिरवी खूण नसते.

त्यानंतर मला कुणी विचारलं की डब्यातला मासा चांगला की खारवलेलं मांस, तर मी उलट विचारायचे, खाणार कोण? बारा तास उभं राहणाऱ्या धडधाकट माणसाला डबा उत्तम. रक्तदाबवाल्याला उपसून, धुऊन, कधीतरी. ज्याला सांध्यांत युरिक ॲसिडचा त्रास आहे त्याला तारलीने दुखणं वाढेल. गरोदर बाईने लहान मासा खावा, मोठ्या जातीचा कुपा वरचेवर नको, त्यात पारा साठलेला असू शकतो. खारवलेलं मांस सणापुरतं, आणि थकलेल्या हृदयाला तेही नाही. उत्तर लांबलचक आहे, भिंतीवर मावत नाही. म्हणून टेबलावर रिकामे डबे आणि पाकिटं मांडून ठेवली आणि माणसागणिक ती हातात देऊन वाचायला लावू लागले.

काका घरी गेल्यावर एका बुधवारी मी नंदाखालला गेले. रुग्णालयाच्या नियमात असलं जाणं बसत नाही. जाताना बाजारातून ओले बोंबील आणि मांदेली घेतली. मावशींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या वाडीत निघून गेल्या. काका खुर्चीत बसून मला हुकूम सोडू लागले. लसूण ठेच, खूप ठेच. आलं घाल. हिरवी मिरची पाट्यावर वाट, मिक्सरला नको. सिरक्यात दहा मिनिटं ठेव. चिंच नंतर. कोथिंबीर देठासकट. मी इतकी वर्षं लोकांना मीठ सोडा सांगत आले होते, पण मिठाची जागा कशाने भरायची हे मला एवढं नेमकं कधी कुणी दाखवलं नव्हतं. कालवण झालं. काकांनी चमचाभर चाखलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा चाखलं.

"जहाजावर वाढलं असतं तर मला समुद्रात फेकलं असतं," ते म्हणाले. मग भात मागून घेतला.

ती कृती मी उतरवून घेतली. निवृत्तीपर्यंत कितीतरी घरांना दिली.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात सेलीन सुट्टी काढून आली ती सण करूनच गेली. ती तपासणीला काकांना घेऊन आली तेव्हा मला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर मी आले नसते, मॅडम. पपांच्या समोर कुठलं तोंड घेऊन उभी राहणार होते?" पाच आठवडे ती बापाशेजारी बसली. ते तिला जहाजावरच्या गोष्टी सांगायचे, ज्या त्यांनी तिच्या लहानपणी कधी सांगितल्या नव्हत्या, कारण तेव्हा ते घरी नसायचेच.

पावसाळा सरता सरता पास्कलकाका गेले. फुप्फुसात पाणी झालं नाही, धडपड झाली नाही. हृदय दमलं होतं, सकाळी चहा घेऊन खुर्चीतच थांबलं. डॉक्टर म्हणाले, एवढे महिनेही आम्ही धरले नव्हते. मी त्या वाक्याचा आधार घेतला नाही. जानेवारीचा तो आघात झाला नसता तर ते आणखी किती राहिले असते, हे मला कुणी सांगू शकत नाही. हा प्रश्न माझ्याजवळच राहील.

अंत्यविधीला गेले होते. गावच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. सेलीन येऊन गळ्यात पडली. रेजिनामावशी बोलल्या नाहीत. मीही पुढे गेले नाही. क्षमा ही मागण्याची वस्तू आहे, वसूल करण्याची नाही, एवढं मला त्या वयात कळत होतं.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. एका सकाळी दारात रेजिनामावशी उभ्या. हातात डॉक्टरांचा कागद. रक्तदाब वाढलेला, रक्त कमी, वजन घटलेलं.

"बसा मावशी."

त्या बसल्या. कागद टेबलावर ठेवला. टेबलावरच्या डब्यांकडे त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"आता सोमवारी दुसरी बाई असते म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या वाराला आले."

कागद वाचतेय असं दाखवत मी थोडा वेळ घेतला. मग विचारलं, "मावशी, काल काय काय खाल्लंत?"

"सकाळी भाकरी. दुपारी भात, मासा. रात्री पेज."

"मासा कुठला?"

त्या टेबलाची कड बोटाने पुसू लागल्या.

"कोणी आणला? कशात केलात?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "चहा-पाव खाते. दोन वेळा. कधी तीन वेळा. ते गेल्यापासून रांधतच नाही गो मी. दोन माणसांचं रांधायची सवय हाताला. एकटीसाठी भांडं चढवलं की तांदूळ जास्त पडतात, मग ते बघून जेवण जात नाही."

बाहेर रांग होती. मी उठून दार लावलं आणि त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. त्या दिवशी मी त्यांना कुठलाही कागद लिहून दिला नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच होत्या. मी एवढंच विचारलं, "बुधवारी मी आले तर चालेल?"

त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी नंदाखालला गेले. घर उघडंच होतं. मावशी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पाट्यावर मिरची वाटलेली, पातेल्यात भात रटरटत होता. मागे न वळता त्या म्हणाल्या, "हातपाय धुऊन घे. तांदूळ दोघींचे टाकलेत."